चाळीस किलो म्हणजे ३९.६

डायलिसिसला आलेल्या माणसाची पहिली गाठ पडते ती वजनकाट्याशी. बीपी, ताप, सुया टोचायचा फिस्टुलाचा हात हे सगळं नंतर. आधी चपला काढून काट्यावर उभं राहायचं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, धर्मादाय संस्थेनं चालवलेल्या छोट्या केंद्रात हा काटा बरीच वर्षं घरगुतीच होता. बाथरूममध्ये ठेवतात तसला, काचेचा, चौकोनी, चार बुटक्या पायांचा. तिथल्या टेक्निशियनबाईंना सगळे पेशंट ताई म्हणतात. मशीन लावणं, सुया टोचणं, नळ्या जोडणं हे ताईंचं शिकलेलं काम. काटा सांभाळायचं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि केंद्रातल्या कुठल्याही मशीनपेक्षा जास्त डोकं त्यानंच खाल्लं, असं त्या सांगतात.

किडनी काम करेनाशी झाली की लघवी थांबते किंवा अगदी थोडी होते. प्यायलेलं पाणी, चहा, आमटी, कलिंगड, सगळं अंगात साठतं. ते काढायचं मशीननं, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर वेळी साधारण चार तासांत. किती काढायचं ते काटा सांगतो. अंगात जादा पाणी नसताना पेशंटचं जे वजन भरतं ते डॉक्टर ठरवून देतात. त्याला ड्राय वेट म्हणतात. पेशंटच्या तोंडी ‘कोरडं वजन’. समजा एका काकांचं कोरडं वजन ५८ किलो आहे आणि ते ६०.४ भरून आले. जादा झाले २.४ किलो, म्हणजे २.४ लिटर पाणी. शेवटी रक्त परत देताना जाणारं सलाईन ३०० मिली आणि मधल्या चहा-नाश्त्याचे २०० मिली धरून मशीनवर २.९ लिटर लावायचे. तासाला ७२५ मिली. वजनाच्या दर किलोमागे तासाला १३ मिलीच्या वर जायचं नाही, असा या क्षेत्रातला दंडक आहे. काका साडेबारा मिलीत बसतात. ठीक आहे.

आता हेच काका पौषातल्या सकाळी शाल पांघरून, खिशात मोबाईल, किल्ल्या आणि सुटे पैसे घेऊन चढले. काटा दाखवतो ६०.९. मशीनवर लागतात ३.४ लिटर, तासाला ८५० मिली, किलोमागे १४ च्या वर. मग तिसऱ्या तासाला जांभया सुरू होतात, पोटरीत गोळे येतात, बीपी खाली येतं. जे अर्धा लिटर पाणी अंगात नव्हतंच, ते मशीन रक्तातून ओढत असतं. चूक उलट्या बाजूनं झाली की पाणी आतच राहतं. पेशंट घरी जातो, रात्री आडवा झाला की धाप लागते, आणि भिंतीला टेकून बसून पहाट काढावी लागते.

घरात वजन बघणाऱ्याला अर्ध्या किलोचा फरक म्हणजे जेवणाआधी की जेवणानंतर, एवढाच. इथे त्याची किंमत वेगळी.

सुरुवातीला ताईंना वाटे की काटाच खराब आहे. एकच माणूस एकदा चढला की ५२.३, उतरून परत चढला की ५२.९. सेल बदलले, फरक तसाच. मग त्यांच्या लक्षात आलं की घोळ सकाळच्या पहिल्या शिफ्टलाच जास्त होतो. पहिल्या शिफ्टआधी मावशी फरशी पुसायच्या. पुसताना काटा भिंतीला उभा करून ठेवायच्या आणि पुसून झाल्यावर जमेल तिथे परत मांडायच्या. इमारत जुनी, खाली शहाबादी फरशी, तिची पृष्ठं वरखाली आणि दोन फरश्यांमधले सांधे खोल. काट्याचा एखादा पाय सांध्यात गेला की संपलं.

याचं कारण काट्याच्या पोटात आहे. डिजिटल काट्याच्या प्रत्येक पायात धातूची एक छोटी पट्टी असते आणि तिच्यावर बारीक तारेची नागमोडी जाळी चिकटवलेली असते. वजन आलं की पट्टी किंचित वाकते, तार ताणली जाते, तिचा विद्युतरोध बदलतो. चारही पायांचा बदल एकत्र करून काटा आकडा काढतो. म्हणजे सगळं वजन त्या चार पायांतूनच आणि सरळ खाली गेलं पाहिजे. एक पाय अधांतरी राहिला, तिरका टेकला किंवा काट्याचं पोट गालिच्याला टेकलं, तर वजनाचा काही वाटा मोजणीबाहेर जातो. शिवाय आडवा-उभा केल्यावर शून्यही हलतं. म्हणून जागेवरून उचललेला काटा आधी पायानं दाबून जागा करायचा, ०.० येऊ द्यायचं, आणि मगच माणूस चढवायचा. घरी निम्मे लोक काटा कपाटाखालून ओढून थेट चढतात आणि मग त्याला नावं ठेवतात.

ताईंनी गावातल्या गवंड्याकडून ओट्याच्या कामातून उरलेला कडप्प्याचा तुकडा आणवला. दोन हात लांब, दीड हात रुंद. गवंड्यानं तो कोपऱ्यात सिमेंटवर बसवला, आडवी-उभी लेव्हल लावून बुडबुडा मध्ये आणला, आणि वर काट्याच्या चार पायांभोवती ऑइलपेंटनं चार गोल काढले. मावशींना सांगितलं, याच्या भोवतीनं पुसा. उचलू नका. मावशींनी दोन दिवस तोंड वाकडं केलं, मग दुसऱ्यांना त्याच दम देऊ लागल्या: ‘काट्याला हात लावायचा न्हाय, ताई वरडतील.’

कडप्पा बसला आणि एकाच माणसाचे दोन आकडे शंभर ग्रॅमच्या आत आले. पण सारखा येणारा आकडा खरा आहे का, हे वेगळंच. त्यासाठी ताईंनी व्यवस्थापकांच्या मागे लागून बिडाची, वीस किलोची दोन वजनं घेतली, वैधमापनचा शिक्का मारलेली. धान्याच्या अडतीत असतात तशीच. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी काट्यावर रबराचा तुकडा, त्यावर एक वजन, मग दुसरं. काट्यानं दाखवलं ३९.६. दुसऱ्या दिवशी ३९.६. पावसाळ्यात ३९.६. मग तेच एक वजन चारही कोपऱ्यांवर आळीपाळीनं ठेवून बघायचं. एखाद्या कोपऱ्यात आकडा ढळला तर त्या पायातला सेन्सर गेला असं समजायचं.

चाळीस किलोला काटा चारशे ग्रॅम कमी दाखवतो हे कळल्यावर व्यवस्थापक म्हणाले, मग बदलूनच टाकू. ताई नको म्हणाल्या. सगळ्या पेशंटांची कोरडी वजनं याच काट्यावर ठरलेली होती. काका येताना याच काट्यावर, जाताना याच काट्यावर, आणि पुढच्या वेळी परत यावरच. वजाबाकीत काट्याची खोड जवळजवळ पूर्ण कटते. २.४ किलोच्या फरकात एक टक्का म्हणजे २४ ग्रॅम, दोन चमचे पाणी. याउलट दुकानातून आणलेला बरोबर काटा मध्येच कधीतरी वापरला, तर त्याच माणसाचं वजन एका रात्रीत सहाशे ग्रॅमनं वाढलेलं दिसेल आणि मशीन ते पाणी समजून काढायला लागेल. ताईंनी भिंतीवर कागद चिकटवला: ‘४० = ३९.६. हा आकडा बदलला तर मला सांगा.’ व्यवस्थापकांना हा कागद काही फारसा आवडला नाही. देणगीदार बघायला आले की ते त्याच्यासमोर उभे राहायचे.

माणसं मात्र बिडाच्या वजनासारखी गप्प बसत नाहीत. मधुमेहानं पाय बधिर झालेले आजोबा डोलतात. आकडा पळत राहतो, स्थिरच होत नाही. आजी चढताना भिंतीला हात लावतात आणि बोटांच्या टेकूनं अर्धा-पाऊण किलो भिंतीवर सोडतात. कुणी आकडा बघायला खाली वाकतो, वजन टाचेवरून चवड्यावर जातं. ताई मागे उभ्या राहतात, हात दोन्हीकडे पसरून, पण न लावता. पेशंट पडला तर धरायला. ‘समोर कॅलेंडर बघा काका. तारीख वाचा.’ तारीख वाचून होईपर्यंत आकडा बसतो.

कपड्यांचा हिशेब हा तर स्वतंत्रच प्रकार. नऊवारी, त्यावर स्वेटर, त्यावर शाल, कानाला मफलर. ताईंनी एकदा हे सगळं काढून घेऊन पिशवीसकट तोललं तेव्हा आजींसकट सगळे चकित झाले. तेव्हापासून नियम झाला की येताना ज्या कपड्यांत वजन केलं त्याच कपड्यांत जातानाही करायचं. शाल, मोबाईल, डबा खुर्चीवर. व्हीलचेअरवाल्यांचं वजन खुर्चीसकट करतात, मोठ्या फळीवर, आणि खुर्चीचं वजन खुर्चीच्या पाठीवर रंगानं लिहून ठेवलं आहे. जयपूर फूट लावणाऱ्या एका दादांच्या वहीत पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, ‘पाय लावून’.

डायलिसिस संपल्यावरचं वजन ही खरी तपासणी. मशीन म्हणतं २.९ लिटर काढले, आत पाचशे मिली गेले, म्हणजे काटा २.४ नं उतरायला हवा. कधी तो १.७ नंच उतरतो. अशा वेळी ताई संशय एका ठराविक क्रमानं घेतात: आधी खिसा, मग काट्याचे पाय, मग सेल, आणि पेशंट सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा उत्तर खिशातच सापडतं. एकदा मात्र ते नातेवाइकानं आणलेल्या डब्यात सापडलं होतं. इडली, वर वाटीभर सांबार, आणि सांबारावर दोन वेळा ‘अर्धाच’ चहा.

दोन डायलिसिसांच्या मधल्या दिवसांत घरी वजन ठेवा, असं ताई सगळ्यांना सांगतात. दिवसाला किती चढतंय हे कळलं की पाणी आणि मीठ दोन्ही आवरता येतं. मीठ जास्त झालं की तहान लागते, तहान लागली की ग्लास हातात येतो. लोणचं-पापडाचा हिशेब काट्यावर दोन दिवसांनी दिसतो. पण घरच्या काट्यांची तऱ्हाच वेगळी. निवृत्त शिक्षक असलेले एक पेशंट आपल्या काट्याचं फार कौतुक सांगत. ‘ताई, तीनदा चढलो तरी पॉइंटाचाही फरक नाही. तुमच्यापेक्षा पक्का आहे माझा.’ ताईंनी काटा घेऊन या म्हटलं. गुरुजी तो कापडी पिशवीत घालून एसटीनं घेऊन आले.

कडप्प्यावर ठेवला. गुरुजी चढले: ६१.४. उतरले, चढले: ६१.४. ताईंनी त्यांच्या हातात पाव लिटर पाण्याची बाटली दिली. ६१.४. बाटली काढून घेतली, ६१.४. मग पूर्ण लिटरची बाटली दिली तेव्हा आकडा एकदम ६२.३ वर गेला. गुरुजी काही वेळ बोललेच नाहीत. काही डिजिटल काट्यांमध्ये अशी सोय मुद्दाम केलेली असते: नवं वजन आधीच्या वजनाच्या जवळपास असेल तर काटा नव्यानं मोजल्याचं दाखवतच नाही, जुनाच आकडा परत काढतो. गिऱ्हाईक दुकानात दोनदा चढतं, तोच आकडा बघतं आणि काटा चांगला म्हणून घेऊन जातं. डायलिसिसच्या पेशंटला नेमकं तेच पाव-अर्धा किलो बघायचं असतं जे हा काटा गिळून टाकतो. अशा काट्याला वळणावर आणायची युक्ती ताईंनी तिथेच दाखवली: स्वतः चढायच्या आधी एक भरलेली बादली ठेवून वजन करायचं, म्हणजे त्याच्या स्मरणात माणूस राहत नाही, बादली राहते. गुरुजींनी ती युक्ती वहीत लिहून घेतली, तारखेसह.

दुसऱ्या एका घरात लंडनला असलेल्या मुलानं काटा पाठवला. वडिलांनी फोनवर सांगितलेलं वजन होतं ‘नऊ आणि नऊ’. ताईंना वाटलं काहीतरी बिघाड. काटा ब्रिटिश पद्धतीनं स्टोन आणि पौंड दाखवत होता. खालच्या बाजूचं छोटं बटण सरकवल्यावर किलोवर आला. यात एक गंमत ताईंच्या भाच्यानं सांगितली, तो फिजिक्स शिकतो. पृथ्वीचं गुरुत्व सगळीकडे सारखं नाही. विषुववृत्ताकडे येऊ तसं किंचित कमी होतं. लंडनला जुळवलेला काटा आपल्याकडे साठ किलोच्या माणसाला दीडशेहून जास्त ग्रॅम हलका दाखवील. तराजूला हा त्रास नाही, कारण त्याच्या दोन्ही पारड्यांवर गुरुत्व सारखंच कमी होतं. ताईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, रोज तेवढाच हलका दाखवील ना? मग चालेल.

ज्याला आपण वजन म्हणतो ते शांत पडून राहणारी गोष्ट नाही, हे चारशे वर्षांपूर्वी इटलीत एकानं काट्यावर बसून दाखवलं. पादुआचे वैद्य सान्तोरिओ यांनी एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली, तिच्यात बसून ते जेवायचे, काम करायचे, आणि खाल्लेलं-प्यायलेलं व शरीराबाहेर गेलेलं सगळं तोलायचे. १६१४ साली छापलेल्या पुस्तकात त्यांनी मांडलं की माणूस न दिसता, श्वासातून आणि कातडीतून, सतत हलका होत असतो. आजच्या हिशेबानं हे दिवसाला अर्ध्या लिटरच्या पुढे जातं. म्हणून सकाळी उठल्यावर, पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधीचं वजन हे दिवसातलं सगळ्यात एकसारखं वजन. निरोगी माणसालाही हेच लागू आहे. संध्याकाळी एक-दीड किलो वाढलेलं दिसतं ती चरबी नसते. दोन वेळचं जेवण आणि पाणी असतं.

डायलिसिसमध्ये काट्याचा मान वाढला तो १९६० सालापासून. सिएटलमध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी क्लाइड शील्ड्स या रोग्याचं कायमस्वरूपी डायलिसिस सुरू केलं. शील्ड्स अकरा वर्षं जगले. त्यांचा चढलेला रक्तदाब मीठ कमी करून आणि अंगातलं जादा पाणी काढून खाली आला, हे डॉक्टरांनी तेव्हाच पाहिलं. पाणी किती काढायचं याचा अंदाज वजनावरून, आणि वजन बरोबर की नाही हे बीपी, सूज आणि धाप यांवरून: ही पद्धत तालुक्याच्या केंद्रात आजही तशीच चालते.

आणि तिच्यातला सापळाही तसाच आहे. एका पेशंट मावशींना पावसाळ्यात ताप आला, पंधरा दिवस जेवण नव्हतं. काट्यावर त्या बरोबर कोरड्या वजनाला येत होत्या, ४७ ला ४७. वहीत सगळं उत्तम. पण ताईंनी पाहिलं की बांगड्या कोपराकडे सरकताहेत, दंड बारीक झालाय, आणि पावलावर बोट दाबलं की खळगा राहतोय. अंगातलं मांस गेलं होतं आणि त्याची जागा पाण्यानं भरली होती. डॉक्टरांनी कोरडं वजन हळूहळू ४५ पर्यंत खाली आणलं तेव्हा मावशींना रात्री सपाट झोपता आलं. दिवाळीनंतर, भूक परत आल्यावर, तेच वजन वर न्यावं लागलं. नाहीतर चांगलं खाल्लेलं मशीननं पाणी समजून ओढायचा प्रयत्न केला असता. त्यामुळे ताई काट्याचा आकडा मोठ्यानं वाचतात, पण वाचताना बघतात पावलाकडे.

मग एका देणगीदारानं केंद्राला नवा काटा दिला. जमिनीलगत मोठा पत्रा, व्हीलचेअर थेट चढेल असा, दोन्हीकडे धरायला कठडे. बिडाची वजनं ठेवली, ४०.०. ताईंनी जुना काटा लगेच उचलू दिला नाही. सगळ्या पेशंटांचं काही दिवस दोन्ही काट्यांवर वजन केलं, वहीत दोन रकाने. अपेक्षेप्रमाणे फरक सगळ्यांचा सारखा नव्हता: ४२ किलोच्या आजींचा चारशे ग्रॅमच्या आसपास, ८० किलोच्या ट्रकवाल्या भाऊंचा आठशे. त्यामुळे सगळ्यांच्या कोरड्या वजनात सरसकट अर्धा किलो मिळवून चालणार नव्हतं. डॉक्टरांनी एकेकाची वही घेऊन नवी कोरडी वजनं लिहिली. आजींना हे मुळीच पटलं नाही. ‘मी खाल्लं न्हाय, प्याले न्हाय, आन् वजन वाढलं म्हनता? काटाच लबाड हाय तुमचा.’ त्यांनी आठवडाभर जुन्याच काट्यावर वजन करायचा हट्ट धरला आणि ताईंनी तो चालवूनही घेतला, फक्त वहीत दुसऱ्या रकान्यात.

जुना काटा आता एका शेतकरी पेशंटाच्या घरी आहे, भिंतीवरच्या त्या कागदासकट. घरी नेल्यावर पहिल्या सकाळी त्यांच्या नातवानं फोनवर तीन आकडे सांगितले, तिन्ही वेगळे, दीड किलोच्या फरकानं. ताईंनी विचारलं, काटा कुठे ठेवलाय? पडवीत, सारवलेल्या जमिनीवर. मग त्यांनी पोराला घरभर फिरवलं: देवघर नको, तिथे पाट आहे, मोरी नको, तिला उतार आहे, कणगीखालची फळी हलते. शेवटी बाहेरच्या ओट्यावरची घडीव दगडाची पायरी सापडली. तिथे चारही पाय टेकतात का बघ, कोपरा दाबून डुगडुगतो का बघ, मग ०.० येऊ दे, आणि आजोबांना काठीशिवाय उभं कर, तू मागे थांब. पोरानं दोनदा वजन करून दोन्ही आकडे सांगितले. ताईंनी ते लिहून घेतले आणि उद्या चहाच्या आधी फोन कर म्हणाल्या.